बाळासो चौगल्यांची डावी पापणी

बाळासो चौगले जन्मले तेच डावी पापणी अर्धी मिटून. दोन्ही डोळ्यांनी त्यांना स्वच्छ दिसायचं, पण डावीकडची पापणी बुबुळाच्या मध्यापर्यंत उतरलेली असायची. ती वर घ्यायची तर कपाळाला आठ्या घालाव्या लागत. शाळेत पोरं त्यांना ‘झोप्या’ म्हणायची. पुढं ड्रायव्हरकीच्या लायसन्ससाठी दर वेळी डॉक्टर तपासायचे, दोन्ही डोळ्यांपुढं अक्षरं धरायचे आणि नजर चांगली आहे असं लिहून द्यायचे. पापणीबद्दल कुणी काही लिहीत नसे, कारण तसं लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बत्तिसाव्या वर्षी ते हंबीररावांच्या ट्रॅव्हल्सवर लागले. कंपनीचं ऑफिस शाहूपुरीत. हंबीररावांनी पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडाकडं बघून एवढंच विचारलं, “दिसतंय न्हवं?”

“दिसतंय की.”

“मग घ्या किल्ली.”

त्या दिवसापासून पंचवीस वर्षं बाळासोंनी कोल्हापूर-हुबळी दिवसाची बस चालवली. सकाळी साडेसहाला निघायचं, कागल, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, बेळगाव करत अकराच्या सुमाराला हुबळी. दुपारी परत फिरायचं, दिवस मावळायच्या आत कोल्हापूर. पंचवीस वर्षांत त्यांच्या गाडीनं एक माणूस जखमी केला नाही. एक म्हैस मात्र कागलजवळ धडकली होती, ती उठून चालत गेली, हे ते स्वतःहून सांगायचे.

हंबीरराव वारले आणि कंपनी त्यांच्या मुलाकडं, विजयसिंहांकडं आली. विजयसिंह माणूस वाईट नव्हता. लहानपणी तो बाळासोंच्या मांडीवर बसून स्टेअरिंग फिरवायचा. पण गाड्या वाढल्या होत्या, विमा कंपनी मागं लागली होती, आणि एके दिवशी सगळ्या बसमध्ये स्टेअरिंगच्या वर काड्यापेटीएवढी एक काळी डबी बसली. डबीत कॅमेरा होता. तो दिवसभर ड्रायव्हरच्या डोळ्यांकडं बघायचा. डोळे मिटायला लागले की डबीतून एक बाई हिंदीत ओरडायची, “चालक सावधान! कृपया विश्राम करें!” आणि ऑफिसातल्या संगणकावर त्या ड्रायव्हरचा एक गुण कमी व्हायचा.

बाळासोंच्या गाडीत ही बाई कागलच्या आधीच ओरडायला लागली.

दुपारी परतीच्या वाटेवर तर कहर. उन्हं समोरून डाव्या अंगाला यायची, पापणी आणखी खाली यायची आणि संकेश्वरपासून पुढं दर दोन मिनिटांना आरोळी. पहिल्या बाकावरची माणसं दचकून पुढं वाकायची. एक म्हातारी प्रत्येक आरोळीला त्यांच्या खांद्यावर हात मारून म्हणायची, “जागा हाईस न्हवं रं बाबा?” आठवड्याभरात कुणीतरी बाजूनं फोन धरून त्यांचा व्हिडिओ काढला. उन्हातला तो चेहरा, उतरलेली पापणी आणि वर ओरडणारी बाई. ‘झोपलेला ड्रायव्हर, चाळीस जिवांशी खेळ’ असं लिहून तो सगळ्या जिल्ह्यात फिरला.

विजयसिंहांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. संगणकावर सगळ्या ड्रायव्हरांची नावं आणि पुढं गुण. बाळासो सगळ्यांत खाली, शंभरात एकतीस.

“मामा, तुम्ही झोपताय असं मी कुठं म्हणतोय? मशीन म्हणतंय.”

“मग मशीनला सांगा की, जन्मापास्नं असंच हाय म्हणून.”

“कुणाला सांगू? त्याचं ऑफिस लांब, हैदराबादला. फोन केला तर तो बी मशीनच उचलतंय.”

बाळासोंनी डोळ्याच्या डॉक्टरचा दाखला आणला. विजयसिंहांनी तो उलटसुलट करून बघितला, संगणकाकडं बघितलं आणि खरोखरच अडचणीत पडल्यासारखं म्हणाले, “मामा, हे लावू कुठं? ह्यात कागदाला खणच न्हाय.”

त्यांना पार्सलच्या खोलीत बसवलं. तिथून सकाळी साडेसहाला हुबळीची गाडी निघताना दिसायची. आठ दिवस त्यांनी ते बघितलं आणि नवव्या दिवशी गेले नाहीत.

घर उचगावात. दोन खोल्या, पुढं एक नळ. बायको चार वर्षांपूर्वी आजारात गेली. लेक तेजस्वी पुण्यात एका कंपनीत, ती रविवारी फोन करायची. पंचवीस वर्षं सूर्याबरोबर घर सोडलेल्या माणसाला आपली गल्ली दिवसा कशी दिसते हे ठाऊक नव्हतं. संकेश्वरचा चहावाला त्यांना नावानं ओळखायचा, बेळगावच्या स्टँडवरची फुलवाली ‘अण्णा, ऊटा आयता’ म्हणून जेवणाची चौकशी करायची, आणि उचगावात एके सकाळी ते आपल्याच दारात उभे असताना शेजारच्या नव्या भाडेकरूनं विचारलं, “पावणं, कुणाकडं आलासा?”

“हितंच राहतोय,” बाळासो म्हणाले. तो माणूस ओशाळला आणि पुन्हा कधी बोलला नाही.

शरीर मात्र पाचला उठायचं. चहा घेऊन ते हायवेच्या पुलाखाली जाऊन उभे राहायचे. पावणेसातला गाडी जायची. नव्या ड्रायव्हरनं पहिले काही दिवस हॉर्न दिला. नंतर तो विसरला.

अशात पावसाळा संपता संपता त्यांच्या दाराशी एक बाई आल्या. वय पस्तिशीचं, खांद्याला मोठी बॅग. “मी आदिती मगदूम. जयसिंगपूरची. कॉलेजात शिकवते, कॉम्प्युटर. काका, मी दोन वर्षं दर शुक्रवारी तुमच्या गाडीनं बेळगावला जायची, पीएच.डी.साठी. तुमच्या पाठीमागच्या सीटवर.”

बाळासोंना त्या आठवल्या नाहीत. पाठीमागची माणसं ड्रायव्हरला आठवत नाहीत.

“तुमचा तो व्हिडिओ मला चार जणांनी पाठवला,” आदिती म्हणाल्या. “तुम्ही झोपला नव्हता, हे मला माहीत आहे. तुमचा डोळा मी आरशात दोन वर्षं बघितलाय.”

हे वाक्य ऐकून बाळासो आत गेले आणि बराच वेळ चहाचं पातेलं शोधत राहिले.

आदितींचं काम असं होतं. संगणकाला माणसांबद्दल निर्णय घ्यायला शिकवणारी मुलं त्यांच्या वर्गात होती. उद्या हीच मुलं अशा डब्या बनवणार. यंत्रानं माणसाला न्याय कसा द्यायचा, चुकलं तर जबाबदार कोण, हे त्यांना पुस्तकातून शिकवलं की ती परीक्षेपुरतं पाठ करत आणि विसरून जात. म्हणून त्यांना एक धडा असा करायचा होता की मुलानं डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा आणि थेट बाळासोंच्या सीटवर जाऊन बसायचं. आजूबाजूला बस, समोर रस्ता, वर डबी. मूल टक्क जागं असताना डबी ओरडणार. मग दुसऱ्या भागात तेच मूल मालकाच्या खुर्चीत. समोर फक्त गुण, दहा ड्रायव्हर, आणि एकाला काढायचंय.

“ह्यात मी काय करू?” बाळासोंनी विचारलं.

“रस्ता तुमचा आहे. तुम्ही चालवा, आम्ही टिपतो.”

कॉलेजनं एक बस भाड्यानं घेतली. ड्रायव्हरच्या डोक्याशेजारी चहूकडं बघणारा कॅमेरा बांधला आणि बाळासोंनी पाच महिन्यांनी स्टेअरिंग हातात धरलं. तवंदीचा घाट चढताना ते आदितींना सारखं सांगत होते, हितं गिअर टाकल्यावर असा आवाज येतोय, तो घ्या. हितं उन्हाची तिरीप येती, ती कापू नका. ह्या वळणावर पाठीमागची पोरं हटकून उलटी करत्यात. आदितींनी सगळं लिहून घेतलं.

धडा तयार झाला तेव्हा पहिला चष्मा बाळासोंनाच घातला. चष्मा आधी घालणाऱ्याच्या डोळ्यांचं माप घ्यायचा. समोर एक ठिपका येई, त्याच्याकडं बघायचं. बाळासोंनी बघितलं. चष्म्यातून सूचना आली, ‘डावा डोळा उघडा.’ पुन्हा बघितलं. ‘डावा डोळा उघडा.’ तीनदा झालं आणि यंत्र बंद पडलं.

बाळासो चष्म्याच्या आतूनच म्हणाले, “मॅडम, तुमचं बी मशीन तेच म्हणतंय की.”

आदितींचे कान लाल झाले. वर्षभर त्या ज्या चुकीबद्दल भाषणं देत होत्या ती चूक त्यांच्याच टेबलावर होती, आणि त्यांच्यासकट एकाच्याही ध्यानात आली नव्हती. त्यांनी माफी मागितली. तीन दिवस बसून एका डोळ्यावर चालेल अशी सोय केली. पुढं प्रत्येक वर्गात त्या धड्याची सुरुवात ह्याच प्रसंगापासून करत, स्वतःचं नाव घेऊन.

चौथ्या दिवशी चष्मा लागला. बाळासोंपुढं तवंदीचा घाट उघडला. त्यांचे हात आपोआप पुढं आले, हवेतच गोल धरून बसले, उजवा पाय जमिनीवर हलकेच दबू लागला. डबी ओरडली तेव्हा ते दचकले नाहीत. धडा आठ मिनिटांचा होता. संपल्यावर त्यांनी चष्मा काढला नाही.

“पुन्हा लावा की.”

पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा आदितींनी हळूच विचारलं, “काका, त्रास होत नाही ना?” ते म्हणाले, “न्हाय. हितं बरं वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी ते फाटकापाशी उभे होते. तिसऱ्या दिवशीही. पुढं काही न ठरवता तेच त्यांचं काम झालं. चष्मा घातलेल्या मुलांना भोवतालचं दिसत नसे, तोल जाई, तेव्हा त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बाळासो बसायचे आणि कुणी कलंडलं की दंडाला धरायचे. एका वर्षात चारशेच्या वर मुलं त्यांच्या सीटवर बसून गेली. डबीच्या आरोळीला मुलं घाबरत, चिडत. एक जण मोठ्यानं “मी जागा आहे!” असं ओरडला. चष्मा काढल्यावर शेजारी खरेच बाळासो दिसले की मुलं खाली बघायची. “सॉरी काका,” म्हणायची आणि दाराबाहेर गेली की हसत, बोलत कँटीनकडं जायची. बाळासोंच्या जेवणाच्या डब्याकडं कधी कुणी फिरकलं नाही. ते प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून भाकरी खायचे.

एकदाच एक मुलगी थांबली. ऐश्वर्या नावाची, शेवटच्या वर्षाची. मालकाच्या खुर्चीत बसून तिनं एकतीस गुणवाल्याला काढलं होतं, आणि चर्चेत बाकी सगळे हळहळत असताना ती म्हणाली, “मी अजूनही काढेन.”

वर्गात गलका झाला. ती मागं हटली नाही. “पाठीमागं चाळीस माणसं आहेत. दहांतला एक जरी खरंच झोपत असेल तर? मालकाला कसं कळणार कोणता? काका, राग मानू नका. पण माझी आई त्या गाडीत असती तर मी यंत्राचं ऐकलं असतं.”

सगळे बाळासोंकडं बघायला लागले. ते खुर्चीत सरळ झाले. एवढ्या दिवसांत त्यांना कुणी असं खरंखुरं काही विचारलं नव्हतं.

“राग कशापायी? बरोबर बोललीस,” ते म्हणाले. “काढा की. पण काढायच्या आधी कुणीतरी शेजारी बसून एक फेरी करा. मशीनला माझं डोळं दिसत्यात. मी घाटात ब्रेक कुठं मारतोय, समोरनं ट्रक आला तर काय करतोय, ते शेजारी बसणाऱ्याला दिसतंय. एक फेरी. मग काढा.”

ऐश्वर्यानं ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी बाळासो घरी गेले तेव्हा हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं. रविवारला अजून तीन दिवस होते.

जानेवारीत कॉलेजनं वाहतूक व्यवसायातल्या मालकांसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवलं. विजयसिंह आले. बाळासो आतल्या खोलीत चष्मे पुसत होते, ते विजयसिंहांना बघून तिथंच थांबले. विजयसिंहांनी चष्मा घातला. डबी ओरडायला लागली. तिसऱ्या मिनिटाला ते वैतागले, “अरे, जागा हाय मी, काय लावलंय हे!” तरी त्यांनी चष्मा काढला नाही. दुसऱ्या भागात दहा ड्रायव्हर समोर आले. त्यांनी बराच वेळ घेतला आणि एकतीसवर बोट ठेवलं. मग आवाज आला, बाळासोंचाच, मुलांनी टिपलेला. ‘जन्मापास्नं असंच हाय म्हणून सांगा की.’

विजयसिंहांनी चष्मा काढला. त्यांना घाम आला होता. बाळासो दारात येऊन उभे राहिले.

“मामा.”

“पाणी देऊ?”

विजयसिंह पाणी प्यायले. जाताना त्यांनी खाली बघत विचारलं, “परत येतासा का गाडीवर?”

बाळासोंनी आठ दिवस विचार केला. तो व्हिडिओ अजून लोकांच्या फोनमध्ये होता. त्यांना बघून माणसं गाडीतून उतरली असती, आणि ते त्यांना बघवलं नसतं. त्यांनी ऑफिसात जाऊन वेगळंच मागितलं. डबीनं ज्याचे गुण कमी केले त्याला काढायच्या आधी मी त्याच्या शेजारी बसून एक फेरी करतो, दोन ओळी लिहून देतो. मग तुम्ही ठरवा. विजयसिंहांनी ते मान्य केलं. आदितींना कळलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते प्रत्येक वर्गात सांगितलं.

पहिली फेरी पृथ्वीराज नावाच्या ड्रायव्हरबरोबर होती. वय एकोणतीस, हसतमुख, ड्रायव्हरांच्यात लाडका. त्याचे गुण अडतीसवर आले होते. बाळासो शेजारच्या सीटवर बसले तेव्हा त्यानं त्यांचा हात हातात घेतला. “मामा, तुमी हाईसा म्हणून भ्या न्हाय. तुमच्यागत माझ्या बी पाठीमागं लागलंय हे मशीन.”

हुबळीपर्यंत गाडी उत्तम गेली. परतीला बेळगाव सोडल्यावर बाळासोंनी बघितलं, पृथ्वीराजची मान एकदा पुढं झुकली आणि सावरली. डबी ओरडली. पृथ्वीराज हसला, “बगा की, बोंबलतंय उगाच.” संकेश्वरच्या अलीकडं मान पुन्हा झुकली, आणि ह्या वेळी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला सरकली. बाळासोंनी हात लांबवून स्टेअरिंग धरलं.

“बाजूला घे.”

“काय झालं मामा?”

“गाडी बाजूला घे, पृथ्वीराज.”

चिंचेच्या झाडाखाली गाडी थांबली. प्रवासी खाली उतरून पाय मोकळे करू लागले. बाळासोंनी विचारलं तेव्हा आधी तो नाही म्हणाला, मग रडायला लागला. घरी जुळी पोरं झाली होती, दोन महिन्यांची. बायकोला ताप होता. गेले दहा-बारा दिवस तो रात्री दोन तासांपेक्षा जास्त झोपला नव्हता. “मामा, लिहू नकासा. तुमास्नी ठावं हाय काढल्यावर काय हुतंय.”

बाळासोंना ठाऊक होतं. ते गाडीच्या पायरीवर बसून राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी किल्ली घेतली आणि कोल्हापूरपर्यंत स्वतः चालवलं. डबी वाटभर ओरडत होती, कारण आता तिच्यापुढं त्यांचा डोळा होता. पृथ्वीराज पाठीमागच्या बाकावर गाढ झोपला होता.

संध्याकाळी ऑफिसात त्यांनी कागदावर लिहिलं, ‘मशीन बरोबर आहे. झोपत होता. काढू नका. पंधरा दिवस घरी झोपू द्या.’

विजयसिंहांनी तसंच केलं. पृथ्वीराजला पंधरा दिवस सुट्टी मिळाली, मग तो पुन्हा गाडीवर आला. बाळासोंना वाटलं होतं, एकदा तरी तो येऊन काही बोलेल. तो बोलला नाही. कंपनीत बातमी अशी पसरली की बाळासो आता मालकाचा माणूस झालाय, मशीनची बाजू घेतोय. चार महिन्यांत पृथ्वीराजची धरून त्यांनी अकरा फेऱ्या केल्या. आठ ड्रायव्हरांच्या बाबतीत मशीन चुकलं होतं. एकाचा चष्मा चमकायचा, एक तंबाखूची पिंक टाकायला मान वळवायचा, एकाला डोळे बारीक करून बघायची सवय होती. तिघांच्या बाबतीत ते बरोबर होतं. आठ जण वाचले हे कुणी फारसं बोललं नाही. तिघांचं सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

आदितींनी विचारलं, पृथ्वीराजचा प्रसंग धड्यात घेऊ का? मुलांना हेच कळायला हवं, की यंत्र नेहमी चूकच असतं असंही नाही. बाळासो म्हणाले, “घ्या. त्याचं नाव बदला.” मग म्हणाले, “माझं ऱ्हाऊ द्या.”

परवाच्या मंगळवारी ते बाराव्या फेरीवर होते. हुबळीला गाडी लागली. कंपनीचे तीन-चार ड्रायव्हर त्या वेळी तिथल्या खानावळीत एका टेबलावर जेवतात. बाळासो आत आले तसं बोलणं थांबलं. कुणी वाईट बोललं नाही. एकानं बाकावर सरकून जागाही केली. पण मग सगळे आपापल्या ताटात बघत राहिले, आणि बाळासोंनी “आलोच,” म्हणून डबा उचलला. गाडीत येऊन ते डाव्या खिडकीशी बसले आणि डबा उघडला. भाकरी सकाळचीच होती, कडक झालेली.

अर्धी भाकरी झाली होती तेव्हा फोन वाजला. तेजस्वी होती. मधल्या वारी ती कधी फोन करत नसे.

“आप्पा, सहज केला. जेवलासा का?”

“आता जेवतोय की.”

“एकटंच?”

बाळासोंनी खिडकीतून खानावळीच्या दाराकडं बघितलं. आत कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं.

“न्हाय गं,” ते म्हणाले. “सगळी हाईत. चांगली पंगत बसलीया.”